मोरीपर्यंतचा उजेड

एक लाल महालावरचा छापा (१६६३) सोडला, तर शाळेच्या पुस्तकातला इतिहास बहुतेक भर दिवसा घडतो. लढाया उजाडता उजाडता सुरू होतात, सूर्य मावळला की थांबतात आणि तह तर दरबार भरवून, दोन्ही बाजूंचे वकील नीट लोडाला टेकवून होतात. माझ्या आयुष्यातल्या अलीकडच्या झाडून साऱ्या ऐतिहासिक घटना मात्र रात्री अडीचच्या सुमारास, पलंग आणि मोरी यांच्यामधल्या अकरा पावलांच्या मुलखात घडतात. टीपॉयने काढलेली आगळीक, उंबरठ्याचा गनिमी कावा, ओल्या पायपुसण्याची फितुरी! या चिमुकल्या मुलखात मी जेवढी माघार घेतली, तेवढी दुसऱ्या बाजीरावानेही घेतली नसेल.

(मोरी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मुलगा तिला टॉयलेट म्हणतो, सूनबाई वॉशरूम म्हणते. शहात्तराव्या वर्षी, रात्री अडीच वाजता जिथे जायची घाई असते, त्या जागेला आपले दोन अक्षरी नावच बरे.)

परवा सहामाही तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, कागदावर काहीतरी खरडले आणि म्हणाले, "काका, सगळं ठीक आहे. आता एकच पथ्य. पडायचं नाही."

मी म्हटले, "म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही करायचं नाही. फक्त पडायचं नाही."

आता गोड खाऊ नका, मीठ कमी करा ही पथ्ये दिवसाउजेडी पाळायची असतात. (चोरून मोडायची झाली तरी दिवसाच मोडता येतात.) पण 'पडायचं नाही' हे पथ्य अंधारात पाळायचे कसे? घरी येऊन मी हा प्रश्न आमच्या हिच्यापुढे मांडला. दिवा न लावता गेलो तर मी पडतो. दिवा लावून गेलो तर ही जागी होते, आणि मग आम्ही दोघेही पहाटेपर्यंत छताकडे पाहत देशाच्या परिस्थितीवर विचार करत पडून राहतो. पूर्वीची ट्यूब बरी होती. ती तीनदा डोळे मिचकावून, जरा घसा खाकरून मगच पेटायची. माणसाला तयारीला वेळ मिळायचा. आताची एलईडीची नळी बटण दाबताच पोलिसांची धाड पडावी तशी अंगावर पडते. आपल्याच घरात, आपल्याच पायजम्यात माणूस दोन्ही हात वर करून उभा राहतो.

सगळे ऐकून घेऊन ही म्हणाली, "अहो, दिवा लावा. पण उजेड करू नका!"

या वाक्यावर मी दोन दिवस हसत होतो. तीन-चार मित्रांना सांगूनही झाले. पुढे सहा महिने ग्रंथालयात बसून वाचन केल्यावर माझ्या लक्षात आले की, या बाईने सगळे दीपशास्त्र एका वाक्यात सांगितले होते, आणि मी ते चहाबरोबर मित्रांना वाढत होतो.

वाचन केले याचे कारण, निवृत्त माणसाला अडचण आली की तो आधी उपाय करीत नाही, संदर्भ पाहतो. अडीच वाजता उठणारा मी पहिलाच माणूस नसणार. राजेरजवाडे, साधुसंत, आमचे पूर्वज यांनाही कधीतरी उठावे लागलेच असेल. त्यांनी काय केले? हा प्रश्न थोर इतिहासकारांना सुचला नाही, कारण ते इतिहास लिहीत होते तेव्हा तरुण होते.

तर रात्रीच्या दिव्याचा इतिहास असा सुरू होतो. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. तिच्यात वाळूच्या दगडाचा, चरबीवर जळणारा एक दिवा सापडला. काळ सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचा. आकार आपल्या पळीसारखा आणि धरायला चांगला दांडा. म्हणजे हातात धरून न्यायचा दिवा. वर टांगायचा नव्हे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचा मोठा शोध मला रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराच्या ग्रंथात लागला. या गृहस्थांनी २००५ साली रात्रीच्या इतिहासावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. जुनी रोजनिशी, कोर्टातल्या जबान्या चाळताना त्यांना असे दिसले की, कारखाने आणि रस्त्यांवरचे दिवे येण्यापूर्वी युरोपातले लोक रात्रीची झोप दोन हप्त्यांत घेत. पहिली झोप झाली की मध्यरात्रीच्या सुमारास उठायचे, शेकोटी सारखी करायची, प्रार्थना करायची, गप्पा मारायच्या आणि मग दुसरी झोप. पुढे टॉमस वेर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास काही माणसांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवले, तर त्यांचीही झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली. सगळ्याच अभ्यासकांना हे पटते असे नाही, पण मला एका बैठकीत पटले.

मी हिला म्हटले, "मला निद्रानाश नाही. मी परंपरा पाळतो."

ती म्हणाली, "मग परंपरेने गप्प पडून राहा."

या मधल्या वेळेसाठी वेगवेगळ्या देशांनी काय काय युक्त्या केल्या, ते वाचून मी थक्क झालो. फ्रान्समध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात 'व्हेयोझ' नावाचा चिनीमातीचा दिवा असे. खाली बारीक ज्योत, भोवती चिनीमातीची पोकळ बैठक आणि वर छोटी किटली. चिनीमातीतून अंधूक उजेड झिरपायचा आणि वर काढा नाहीतर चहा कोमट राहायचा. उशाशी दिवा आणि दिव्यावर चहा! संस्कृती संस्कृती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

जपानी त्याच्याही पुढे. त्यांच्या एदो काळात 'आरिआके आंदोन' नावाचा निजायच्या खोलीतला दिवा असे. आरिआके म्हणजे पहाट झाली तरी आकाशात रेंगाळणारा चंद्र. कागदाच्या आवरणातला हा दिवा जागे असेपर्यंत लाकडी खोक्यावर ठेवायचा आणि निजताना तोच दिवा त्या खोक्याच्या आत सरकवायचा. खोक्याला चंद्राच्या कोरीसारखी भोके पाडलेली. तेवढ्यातून उजेड बाहेर येई. रात्रभर घरात चंद्रकोर, आणि वीजबिल शून्य.

शाळेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा सगळ्यांनाच असतो. चित्रात तिच्या हातात अल्लादिनचा असावा तसा चोचीचा दिवा दाखवतात. खरे म्हणजे १८५४ साली ती स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेली, तेव्हा तिथे वापरात होता तो घडीचा तुर्की कंदील, फानूस. पण चित्रकाराची चूक सोडा, मुद्दा पाहा. रात्री रुग्णांमधून फिरताना ती सगळे इस्पितळ झुंबरांनी उजळून टाकत नव्हती. झोपलेल्यांना झोपू द्यायचे आणि आपल्या पावलापुरता उजेड हातातून न्यायचा. दिवा लावायचा, पण उजेड करायचा नाही! हिचे आणि नाइटिंगेलबाईंचे मत जुळलेले पाहून मी थोडा घाबरलोच.

आता स्वदेशी इतिहास.

आमचे घर कऱ्हाड तालुक्यात. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. माजघरातून परसदाराकडे जाणारा एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या तोंडाशी मोरी. या बोळाच्या भिंतीत, गुडघ्याच्या जरा वर, एक दिवळी होती. दिवळी म्हणजे दिव्यापुरता कोनाडा. तिच्यात रात्रभर रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. वरची भिंत काजळीने काळी झालेली, पण खाली जमीन, उंबरठा आणि मोरीची पायरी एवढे बरोबर दिसायचे. बाकीचे घर अंधारात गुडूप. दिवळी इतकी खाली कुणी आणि का ठेवली, हे विचारायचे आम्हा पोरांना कधी सुचले नाही. भिंत आहे, दिवळी आहे, एवढेच.

ओटीवर मात्र मोठा मान होता तो कंदिलाचा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील! ओगलेवाडी कऱ्हाडच्या कुशीतच, त्यामुळे महाराष्ट्रभर मिरवणारा प्रभाकर आमच्याकडे पाहुणा नव्हता, भाऊबंद होता. संध्याकाळी त्याची काच राखेने पुसायचे काम माझ्याकडे असे, कारण घरात काचेत जाईल एवढा हात माझाच होता. कंदिलाच्या मानेशी वात खाली-वर करायची एक चक्री असे. ती जरा उजवीकडे फिरवली की ओटी लख्ख, डावीकडे फिरवली की डोळे मिटू लागत.

निजानीज झाली की आजी तो आपल्या बाजेजवळ घ्यायची आणि म्हणायची, "वात बारीक ठेव रे. घर दिसलं पाहिजे, झोप मोडता नये."

'दिवा विझव' असे तिच्या तोंडून कधी आले नाही. फार तर 'शांत कर'. पण रात्री शांत करायचीही पाळी नसे. बारीक करायचा, एवढेच.

या बारीक करण्यामागे केवढा इतिहास आहे, ते मला आता कळले. जिनिव्हाच्या आर्गाँ नावाच्या माणसाने १७८० च्या सुमारास गोल वात आणि काचेची नळी यांचा दिवा काढला. त्याची वात वर-खाली करता येई. १८५३ च्या ३१ जुलैला, आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्ह शहरातल्या इस्पितळात रॉकेलच्या दिव्याखाली रात्री शस्त्रक्रिया झाली. लुकासिएविच नावाच्या औषधविक्याने ते रॉकेल गाळले होते. मग रॉकेल जगभर गेले आणि त्याबरोबर वातीची चक्रीही गेली. माणसाला हवा तेवढा उजेड, हवा तेव्हा, हवा तिथे. इथपर्यंत आले होते सगळे.

आणि मग आली वीज.

मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ साली, विजेचे दिवे क्रॉफर्ड मार्केटात लागले १८८२ साली. आमच्या गावापर्यंत यायला विजेने सवड काढली. कोयनेच्या धरणावर १९६२ साली वीज तयार होऊ लागली आणि तीनेक वर्षांनी ती खांबांवरून चालत आमच्या दारात आली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आधुनिकतेची भारी हौस. त्यांनी प्रत्येक खोलीत आढ्याच्या मधोमध एक बल्ब लोंबकळवला. बोळातही एक लावला आणि चिमणीची काजळी आता नको म्हणून दिवळी विटा घालून बुजवून टाकली. वर चुना. दुसऱ्या दिवशी तिथे दिवळी होती हे सांगूनही पटले नसते.

आजीने बल्बाकडे मान वर करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हा डोक्यावर कशाला टांगलास? मी पडणार ती खाली."

सगळे हसले. म्हातारीला विज्ञान कळत नाही, असे ठरले. आणखी एक तक्रार तिने केली. बटणाला चक्री कुठे आहे, असे तिने विचारले. अण्णांनी समजावले की विजेला चक्री नसते. वर केले की बंद, खाली केले की चालू. आजी म्हणाली, "म्हणजे हिला मधलं काही कळतच नाही?" आणि आपला कंदील पुन्हा बाजेखाली ओढून घेतला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. फडताळातली भांडी कोसळली, कौले पत्ते पिसावे तशी खडखडली आणि घरात कोण कुठे आहे ते कळेना. अण्णा भिंतीवर दोन्ही हातांनी बटण शोधत होते. बटण सापडले, पण वीज गेली होती. आम्ही पोरे एकमेकांवर आपटत होतो. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "धावू नका." आजीने कंदील हातात घेतला, चक्रीने वात किंचित वर केली आणि तो गुडघ्याशी धरून पुढे निघाली. "माझ्या मागनं या. खाली बघून चाला."

त्या पहाटे आमच्या घरातून नऊ माणसे आणि एक म्हैस ओळीने बाहेर पडली. कुणालाही ठेच लागली नाही. अंगणात आल्यावर आजीने आधी माणसे मोजली, मग म्हैस मोजली आणि मगच वात बारीक केली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला पुन्हा कंदील हवा आहे. मुळीच नको. रॉकेलचा धूर, काजळी आणि पांघरुणाजवळची आग यांची मला चांगली आठवण आहे. मी विजेच्या विरुद्ध नाही. मी फक्त चक्री कुठे गेली ते विचारतो आहे.

विजेलाही ती आठवण झाली नाही असे नाही. झीरोचा बल्ब आला. शून्य या नावाचा हा बल्ब बारा ते पंधरा वॅट वीज खात असे. जुन्या मीटरला एवढी किरकोळ वीज धड मोजता येत नसे, म्हणून त्याचे नाव झीरो पडले असे सांगतात. तो लाल, हिरवा, निळा अशा रंगांत मिळे. पुण्यातल्या आमच्या घरी निळा होता. निळा रंग शांत, असा आमचा समज. त्याच्या उजेडात घरातली सगळी माणसे विष पचवल्यासारखी दिसत, पण झोप लागे.

आता विज्ञान काय म्हणते ते थोडक्यात. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात. लख्ख दिवा लागला की त्या दिपून जातात आणि पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात. वय झालेल्यांच्या आणखी जास्त. शिवाय वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडते, बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. विशीतल्या डोळ्यात जेवढा उजेड पडद्यापर्यंत पोचतो, त्याचा जेमतेम एक तृतीयांश साठीला पोचतो. म्हणजे जाताना ट्यूब लावून गेलो आणि येताना बंद केली, की परतीची अकरा पावले मी निव्वळ आंधळा असतो. टीपॉय नेहमी परतीलाच का आपटतो, याचे हे शास्त्रीय उत्तर. मी इतकी वर्षे टीपॉयला दोष देत होतो.

दुसरी गोष्ट झोपेची. मेलाटोनिन हे अंधारात स्रवणारे द्रव्य ॲरन लर्नर यांनी १९५८ साली वेगळे काढले. ते होते कातडीचे डॉक्टर. गुरांच्या मेंदूतली ग्रंथी घेऊन त्वचेच्या रोगावर औषध शोधत होते, हाती लागले रात्रीचे द्रव्य. १९८० साली दिसून आले की रात्री प्रखर उजेड पाहिला की माणसाच्या शरीरात ते दबते. १९९८ साली बेडकाच्या कातडीत एक नवे प्रकाशग्राही द्रव्य सापडले आणि २००२ साली कळले की तेच द्रव्य डोळ्यातल्या काही निराळ्या पेशींत असते. या पेशी चित्र पाहत नाहीत. मेंदूला फक्त 'दिवस उजाडला' एवढी चुगली करतात. आणि त्यांना सर्वांत जास्त कळतो तो निळा प्रकाश! म्हणजे आम्ही शांत म्हणून जो रंग निवडला, तोच फितूर निघाला. झीरोचा बल्ब बिचारा मिणमिणता, त्याने फारसे बिघडवले नसेल. पण छतावरची पांढरीशुभ्र नळी अडीच वाजता लावणे म्हणजे मेंदूच्या कानात कोंबडा आरवणे.

मग उजेड हवा तरी किती? २०२२ साली या विषयातल्या जाणकारांनी मिळून आकडे दिले. झोपेत डोळ्याशी एक लक्सच्या आत. रात्री उठून काही करावेच लागले, तर दहाच्या आत. (हे लक्स त्या चुगलखोर पेशींच्या मापाने मोजलेले.) एक लक्स म्हणजे किती? एक मेणबत्ती एक मीटरवर ठेवली की पडतो तेवढा उजेड. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या प्रकाश-संशोधकांनी २००८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. दाराच्या चौकटीभोवती पिवळसर उजेडाच्या बारीक रेघा लावल्या, तर अंधारात उठणाऱ्या वयस्कांना तोल सावरायला मदत होते. कारण डोळ्याला उभे काय आणि आडवे काय ते कळते, आणि त्यावरून शरीराला आपण उभे आहोत की आडवे होत आहोत, ते कळते.

खाली ठेवलेला, पिवळसर, बारीक दिवा; पायरी आणि चौकट दिसेल एवढाच. मी पुस्तक मिटले. बोळातली दिवळी विटांसकट डोळ्यांपुढे उभी राहिली.

आता जे सांगायचे ते विनोदाचे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९६ साली अण्णा आमच्याकडे पुण्यात होते. वय एक्याऐंशी. बोळातला, म्हणजे आता पॅसेज म्हणायचे त्यातला, तो निळा झीरोचा बल्ब गेला होता. आठ दिवस मी आज आणतो, उद्या आणतो करत होतो. आठ-दहा रुपयांची वस्तू. नवव्या रात्री अण्णा उठले. 'सूनबाई जागी होईल' म्हणून त्यांनी मोठा दिवा लावला नाही, हाक मारली नाही. मोरीच्या उंबरठ्याशी पडले. खुब्याचे हाड मोडले. आधी खाट, मग काठी, मग पुन्हा खाट. पुढचे दीड वर्ष ते रात्री एकटे कधीच उठले नाहीत.

इस्पितळात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. काय बोलावे ते मला सुचत नव्हते. बल्बाचे ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती दिवळी बुजवायला नको होती रे."

बल्ब मी त्याच दिवशी आणून लावला. काही कामे आपण फार तत्परतेने करतो, फक्त एक दिवस उशिरा.

तर डॉक्टरांनी पथ्य सांगितल्यावर मी जे वाचन केले, त्याचे मूळ हे. सहा महिन्यांनी मी उपायाला लागलो. नातू म्हणाला, "आजोबा, एवढं काय? मोबाईलचा टॉर्च लावून जायचं." त्याला अनुभव नाही. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी. भिंत धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. शेवटी त्याने पिवळसर दिव्यांची पट्टी आणली आणि पलंगाच्या खालच्या कडेला, पॅसेजच्या भिंतीला जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि मोरीच्या चौकटीभोवती चिकटवली. माणसाची चाहूल लागली की ती आपोआप लागते आणि जरा वेळाने आपोआप मालवते. पहिल्या रात्री तिचा डोळा पलंगाकडे होता. आमची ही कुशीवर वळली की दिवे लागायचे. चौथ्यांदा लागले तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "या वयात माझ्यावर पहारा ठेवलात?" दुसऱ्या दिवशी तो डोळा जमिनीकडे वळवला. आता पाय खाली टेकल्याशिवाय दिवा लागत नाही. टीपॉय गॅलरीत गेला, ओले पायपुसणे वाळत गेले. पट्टीला एक छोटी कळ आहे, तिने उजेड कमी-जास्त करता येतो. नातू म्हणाला, "याला डिमर म्हणतात." मी त्याला म्हटले, "याला चक्री म्हणतात," आणि ती डावीकडे फिरवून वात बारीक केली.

परवा रात्री मला जाग आली. घड्याळात पावणेतीन. मी उठणार, तोच जमिनीलगत पिवळा उजेड पसरला. पण पाय माझे नव्हते. ही उठली होती. एवढ्या वर्षांत तीही रात्री उठत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. मी उठायचो तेव्हा दिव्याने तिची झोप मोडायची. ती उठायची तेव्हा माझी मोडू नये म्हणून अंधारातच जायची. मी डोळे मिटून पडून राहिलो. जातानाची पावले मोजली. तिची तेरा होतात. येतानाची तेरा मोजली. पलंग कुरकुरला. जरा वेळाने दिवा आपोआप शांत झाला.

मग मलाही झोप लागली. दुसरी.